धाकाने गोडी लागत नाही

शिक्षकांच्या खोलीत, पालकसभेत, नातेवाइकांच्या बैठकीत हल्ली एक निदान फार आत्मविश्वासाने केलं जातं. मुलांना शिकायचंच नाही. नापास होण्याची भीती गेली, छडी गेली, म्हणून अभ्यास गेला. मूल मुळात आळशी असतं, त्याला धाक लागतो, आणि तो धाक कायद्याने काढून घेतला. उपायही ठरलेला असतो: पुन्हा परीक्षा घ्या, नापास करा, मुलं ताळ्यावर येतील. हे निदान चुकीचं आहे आणि त्यावरचा उपाय मुलांना घातक आहे, असं माझं ठाम मत आहे. धाकाची मागणी करणाऱ्यांत मुलांवर जीव असलेले, वर्षानुवर्षं वर्गात उभे राहिलेले शिक्षकही आहेत. म्हणूनच त्यांच्या म्हणण्याला मुद्द्याने उत्तर द्यायला हवं.

कायद्यात नेमकं काय घडलं ते आधी पाहू, कारण चर्चेत त्याची फार सरमिसळ होते. २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या सोळाव्या कलमाने आठवीपर्यंत मुलाला मागच्या वर्गात ठेवायला मनाई केली, सतराव्या कलमाने मारहाणीला आणि मानसिक छळाला. एकोणतिसाव्या कलमाने सांगितलं की मुलाला भीती आणि ताण यांपासून मुक्त ठेवून शिकवावं आणि त्याचं मूल्यमापन सर्वंकष, सातत्याने व्हावं. पुढे ‘ढकलपास’ या शब्दाभोवती इतका राग साठला की २०१९ साली संसदेने सोळावं कलम बदललं. पाचवी आणि आठवीच्या शेवटी परीक्षा, जो उत्तीर्ण होणार नाही त्याला जादा मार्गदर्शन, निकालानंतर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा, आणि तीही जमली नाही तर त्याला त्याच वर्गात ठेवायची मुभा सरकारला. महाराष्ट्राने २०२३ साली नियम बदलून हाच रस्ता धरला. केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या अखत्यारीतल्या शाळांसाठी तेच केलं. धाक परत आणा म्हणणाऱ्यांची अर्धी मागणी अशा रीतीने पूर्ण झाली आहे, म्हणून त्यांच्या युक्तिवादाची तपासणी आता अधिक गरजेची आहे.

त्यांच्या तक्रारीतलं तथ्य नाकारण्यात अर्थ नाही. नववीच्या वर्गात येणाऱ्या मुलाला मराठीचा एक परिच्छेद अडखळल्याशिवाय वाचता येत नाही, हातच्याची वजाबाकी येत नाही, आणि त्याच्यासमोर बीजगणित उघडून बसायचं, हा अनुभव खोटा नाही. त्या शिक्षकाची हतबलताही खोटी नाही. ‘असर’च्या ग्रामीण सर्वेक्षणात पाचवीतल्या किती मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो हे पाहतात. देशभराचा तो आकडा २०१० साली सुमारे ५४ टक्के होता आणि २०१२ साली सुमारे ४७ टक्क्यांवर आला. धाकाचे समर्थक या घसरणीकडे बोट दाखवतात.

पण तेच सर्वेक्षण पुढेही वाचायला हवं. २०१८ साली हा आकडा पुन्हा ५० टक्क्यांच्या किंचित वर गेला होता, आणि त्या वेळी आठवीपर्यंत नापास करायची मनाई कायम होती. त्यानंतर महासाथीत शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या आणि २०२२ साली तो ४३ टक्क्यांच्या आसपास आला. या काळात मुलांचा स्वभाव बदलला नाही, त्यांच्या गावांतली माणसंही तीच होती. गेला तो वर्ग. घसरणीचं कारण मुलाच्या आळसात शोधणाऱ्यांनी या दोन्ही हालचालींचं उत्तर दिलं पाहिजे. हे आकडे एका कारणाने हलत नाहीत, हे मला मान्य आहे. मात्र २०१२ची घसरण जर नापास न करण्याच्या माथी मारायची, तर २०१८ची वाढ कोणाच्या खात्यावर घालायची?

२०१० नंतर खरोखर काय बिघडलं, ते मला वेगळ्या ठिकाणी दिसतं. कायद्याने एक गोष्ट काढून घेतली होती आणि तिच्या जागी दुसरी द्यायला सांगितली होती. वार्षिक परीक्षेच्या जागी शिक्षकाने मुलाला रोज पाहावं, ते कुठे अडलं ते टिपावं आणि तिथून त्याला पुढे न्यावं, अशी ती अपेक्षा. महाराष्ट्रात ऑगस्ट २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय निघाला, आकारिक आणि संकलित अशी विभागणी आली, वर्णनात्मक नोंदींच्या वह्या आल्या. त्या नोंदी करायला लागणारा वेळ, लहान पट आणि प्रशिक्षण मात्र पुरेसं आलं नाही. मग तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात मिळू लागल्या आणि ‘वर्गकार्यात आनंदाने सहभागी होतो’ हे वाक्य गैरहजर मुलाच्या नावापुढेही उतरू लागलं. जुना धाक गेला होता आणि ज्या निरीक्षणाने त्याची जागा भरायची ते वर्गापर्यंत पोचलं नव्हतं. ही पोकळी शासनव्यवस्थेची होती. तिचा दोष आपण दहा वर्षांच्या मुलाच्या इच्छाशक्तीवर टाकला.

आता मूळ मुद्दा. शिकण्याची इच्छा ही मुलाच्या अंगी असते किंवा नसते, असं आपण धरून चालतो. ‘त्याला अभ्यासाची आवडच नाही’ हे वाक्य आपण मुलाच्या उंचीबद्दल किंवा रंगाबद्दल बोलावं तसं बोलतो. या समजुतीला महाराष्ट्रातच, आजपासून पाऊणशेहून अधिक वर्षांपूर्वी, स्वच्छ उत्तर मिळालेलं आहे.

१९४५ साली ताराबाई मोडक डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. ताराबाईंच्या पाठीशी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर केलेलं बालशिक्षणाचं काम होतं, पण ते शहरी, मध्यमवर्गीय मुलांमधलं. बोर्डीत त्यांनी बालवाडी उघडली आणि ज्यांच्यासाठी ती उघडली ती गरीब वस्तीतली मुलं येईनात. त्या काळी यावर एक तयार उत्तर होतं आणि ते आजही ऐकू येतं: या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही. ताराबाईंनी ते उत्तर स्वीकारलं नाही. मुलं येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात न्यायची, असं त्यांनी ठरवलं. आज देशभर सरकारी योजनेचं नाव झालेली अंगणवाडी त्या निर्णयातून जन्मली. अंगणात मुलं आली. कारण तिथे आई दिसत होती, जमीन ओळखीची होती आणि खेळायला ठेवलेल्या बिया, शंख-शिंपले, खडे, पानं त्यांच्याच परिसरातली होती. माँटेसरी पद्धतीचं साधन परदेशातून विकत आणायचं, हा आग्रह ताराबाईंनी सोडला म्हणून हे शक्य झालं.

पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि तिथे वारली मुलांचा प्रश्न अधिक अवघड होता. मोठी मुलं दिवसभर गुरं राखायला जात. त्यांना हजेरीपटावर आणायला धाक चालला नसता, कारण गुरं सोडून शाळेत यायचं तर घरात खायला काय, हा सवाल होता. तेव्हा शिक्षक कुरणात गेले. गुरं चरत असताना झाडाखाली भरणारी ती कुरणशाळा. मुलींची अडचण आणखी निराळी होती. धाकटं भावंड काखेला असल्याशिवाय मुलगी घराबाहेर पडू शकत नसे. म्हणून ‘विकासवाडी’ या नावाखाली पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. भावंडं पाळणाघरात, ताई वर्गात. इतकं केल्यावर ज्या मुलींना ‘शिक्षणाची ओढ नाही’ असं म्हटलं जात होतं, त्या शिकायला बसल्या. मुली त्याच होत्या, घरची गरिबी तीच होती, बदलली होती ती शाळेची मांडणी.

कोसबाडचं हे उदाहरण मी लांबवून सांगतो आहे, कारण ते भावनेने सांगायची गोष्ट बनलं आहे आणि त्यातला युक्तिवाद हरवला आहे. ताराबाई-अनुताईंनी मुलांचे लाड केले नाहीत. कुरणशाळेतही अक्षरं गिरवावी लागत होती, अंगणवाडीत आधी आंघोळ करून नखं कापावी लागत होती. त्यांनी शिस्त सोडली नाही. मूल येत नाही याचं कारण त्यांनी मुलाच्या आत न शोधता त्याच्या भोवती शोधलं. आजही एखाद्या गावातल्या सातवी-आठवीच्या मुली महिन्यातले चार दिवस गैरहजर राहतात, तेव्हा आधी शाळेचं स्वच्छतागृह पाहायला हवं. भारतातल्या शाळांमध्ये शौचालयं बांधल्यावर पटनोंदणीवर काय परिणाम झाला याचा अभ्यास अंजली अदुकिया यांनी २०१७ साली प्रसिद्ध केला. मोठ्या मुलींची संख्या वाढायला स्वतंत्र शौचालय लागतं, असं त्यात दिसलं. मुलींच्या ‘अनास्थे’चं एक उत्तर दाराला कडी असलेल्या खोलीत होतं.

इथे एक हमखास प्रतिप्रश्न येतो आणि तो करणाऱ्याला तो बिनतोड वाटतो. बाबासाहेब आंबेडकर कुठल्या वातावरणात शिकले? साताऱ्याच्या शाळेत त्यांना वेगळं बसवलं, घरून आणलेलं गोणपाट अंथरून बसावं लागलं, तहान लागली तर शिपायाने नळ सोडेपर्यंत थांबावं लागलं. तरी ते शिकले, जगातल्या मोठ्या विद्यापीठांतून पदव्या घेऊन आले. मग जिद्द असली की वातावरण आडवं येत नाही, हे सिद्धच झालं.

हा युक्तिवाद मला क्रूर वाटतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्या शाळेत भीमरावांचं नाव नोंदलं गेलं. त्या दशकात महाराष्ट्रातल्या किती मुलांनी तसंच गोणपाट अंथरलं असेल आणि किती जणांनी दुसऱ्या-तिसऱ्या इयत्तेत शाळेला पाठ दाखवली असेल, याची यादी कुठेही नाही. ती मुलं कमी जिद्दीची होती असं म्हणायला कोणाकडे काय पुरावा आहे? आणि स्वतः बाबासाहेबांच्या बाबतीतही गोष्ट केवळ जिद्दीची नाही. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिकवलेले, घरात वाचन, पाठांतर आणि अभ्यासाचा रोजचा परिपाठ. शाळेतच मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातली भाजीभाकरी देणारे एक शिक्षक होते आणि त्यांची आठवण बाबासाहेबांनी पुढे प्रेमाने सांगितली. मुंबईत बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाकडे कृष्णराव अर्जुन केळुसकरांचं लक्ष गेलं, त्यांनी पुस्तकं दिली, पुढे सयाजीराव महाराजांपर्यंत पोचवलं आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. वर्गाने अपमान केला तेव्हा दुसरीकडे कोणीतरी विश्वास टाकला होता. तो विश्वास वजा करून उरलेल्याला केवळ जिद्द म्हणणं हा त्या माणसांवरही अन्याय आहे.

याहून महत्त्वाचं म्हणजे स्वतः बाबासाहेबांनी आपल्या आयुष्यातून काय निष्कर्ष काढला. वातावरण गौण आहे असं त्यांना वाटलं असतं तर १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढलं नसतं, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादला मिलिंद उभं राहिलं नसतं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांमागून वसतिगृहं काढली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात निरनिराळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली ठेवलं, एका पंगतीला जेवू घातलं. महाराष्ट्रात ज्यांनी शिक्षण तळापर्यंत नेलं, त्यांनी मुलाला घाबरवण्यावर वेळ घालवला नाही. मूल जिथे बसून शिकेल ती जागा बांधण्यात त्यांची आयुष्यं गेली. त्याआधी जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. थोड्याच वर्षांच्या शिक्षणात ती धर्माला आणि समाजाला प्रश्न विचारण्याइतकी पुढे आली. जिथे विचारायला मुभा आहे असा वर्ग मिळाल्याशिवाय ते होत नाही.

अपमानित मूल मागे पडतं, हे आता मोजूनही पाहिलेलं आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांवर एक प्रयोग केला. उच्च आणि कनिष्ठ मानलेल्या जातींची मुलं एकत्र बसवून त्यांना कागदावरचे भुलभुलैये सोडवायला दिले, सुटलेल्या प्रत्येकामागे पैसे. जातीचा उल्लेख झाला नाही तेव्हा दोन्ही गटांची कामगिरी जवळपास सारखी होती. मग दुसऱ्या काही गटांत सुरुवातीलाच सगळ्यांसमोर प्रत्येकाचं नाव, वडिलांचं नाव, गाव आणि जात वाचून दाखवली. तेवढ्याने कनिष्ठ मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी लक्षणीय खाली आली. पैसे तेच, कोडी तीच, बुद्धी तीच. पूर्वी एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव फळ्याकडे निघाले तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे उचलायला मुलं धावली, असं त्यांच्या चरित्रात नोंदलेलं आहे. त्या वर्गात बसलेल्या आणि इतिहासात नाव न उरलेल्या एखाद्या मुलाने त्या दिवसानंतर फळ्याकडे जायला हात वर केला असेल का? हॉफ-पांडे यांचा प्रयोग याच प्रश्नाचं उत्तर देतो. आजही ‘सवलतीवाल्यांनी उभे राहा’ असं भर वर्गात म्हटलं जातं, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी जातीनिहाय नावं मोठ्याने वाचली जातात. ते करणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेलही, परिणाम मात्र होतो.

धाकाचा दुसरा भाऊ म्हणजे बक्षीस. छडी नको असेल तर आमिष द्या, असा मधला मार्ग सांगितला जातो. पहिला नंबर, ताऱ्याचा स्टिकर, भिंतीवर ‘हुशार विद्यार्थी’चा फलक. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ साली ज्यांना चित्रं काढायला मनापासून आवडत होतं अशी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं प्रशस्तिपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत त्याच मुलांचं चित्र काढणं इतरांच्या निम्म्यावर आलं होतं. जे ती हौसेने करत होती, त्याचं मोलमजुरीचं काम झालं. रूथ बटलर यांनी १९८८ साली पाचवी-सहावीच्या मुलांवर आणखी नेमकं पाहिलं: काहींना नुसते गुण दिले, काहींना कुठे काय सुधारायचं याचा शेरा, आणि काहींना दोन्ही. ज्यांना नुसता शेरा मिळाला, त्यांचा रस टिकला आणि काम सुधारलं. दोन्ही मिळालेली मुलं नुसते गुण मिळालेल्यांसारखीच वागली. गुण दिसले की मूल शेरा वाचायचं थांबतं. आपल्या वह्यांवरचा लाल शाईचा आकडा आणि त्याखाली घाईघाईत केलेली सही आठवली की या प्रयोगाचं महत्त्व वेगळं सांगायला लागत नाही.

शिष्यवृत्ती परीक्षेचे वर्ग हे याचंच मोठं रूप. चाळीसांतली आठ मुलं निवडायची, त्यांना जादा तास, जादा कागद, मुख्याध्यापकांची जातीने चौकशी. उरलेल्या बत्तिसांना कोणी काही बोलत नाही, पण आपण त्या आठांत नाही हे त्यांना पहिल्याच आठवड्यात समजतं. मग त्यांनी मेहनत का घ्यावी? आपल्याकडून कोणाची काही अपेक्षा नाही हे ओळखण्याची मुलांची शक्ती विलक्षण असते, आणि अपेक्षाच नसेल तर ती पुरी करायचा प्रश्नही उरत नाही. पुढच्या जूनमध्ये याच बत्तिसांबद्दल आपण म्हणतो, यांना काही पडलेलंच नाही.

नापास करण्याच्या उपायाकडे परत येतो. मागच्या वर्गात ठेवलं की मूल धडा पुन्हा शिकेल, अशी त्यामागची कल्पना. मूल धडा न शिकण्याचं कारण जर तो धडा त्याच्या पातळीच्या कितीतरी वर होता हे असेल, तर तोच धडा, त्याच पद्धतीने, त्याच शिक्षकाकडून, आपल्यापेक्षा लहान मुलांच्या शेजारी बसून दुसऱ्यांदा ऐकल्याने काय होणार? उरुग्वेतल्या माध्यमिक शाळांच्या नोंदी तपासून मार्को मानाकोर्दा यांनी २०१२ साली दाखवलं की नापास होऊन मागे राहिलेल्या मुलांत शाळा सोडण्याचं प्रमाण बरंच वाढतं आणि काही वर्षांनंतरही त्यांचं एकूण शिक्षण कमीच राहतं. आपल्याकडे शाळा सुटलेला मुलगा वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जातो आणि मुलीचं लग्न ठरतं. पाचवीतल्या मुलाला मागे ठेवण्याचा निर्णय घेताना ही वस्तुस्थिती डोळ्यांसमोर असायला हवी.

धाकाचे समर्थक विचारतील, मग मागे पडलेल्या मुलाचं करायचं काय? त्याचंही उत्तर परदेशातून आणायला नको. १९९०च्या दशकात ‘प्रथम’ या संस्थेने मुंबईच्या महापालिका शाळांत बालसखीचा उपक्रम सुरू केला. तिसरी-चौथीतली जी मुलं मूलभूत वाचन-गणितात मागे होती, त्यांच्यातल्या पंधरा-वीस जणांना वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी रोज सुमारे दोन तास वेगळं शिकवायची. त्यांच्या वयाचं पुस्तक बाजूला ठेवून मुलं जिथे होती तिथून ती सुरुवात करायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात हा उपक्रम काटेकोरपणे तपासला, आणि सर्वांत मागे असलेल्या मुलांना त्याचा सर्वांत जास्त फायदा झाल्याचं दिसलं. बालसखीच्या हातात छडी नव्हती, नापास करायचा अधिकार नव्हता, मोठा पगारही नव्हता. तिच्याकडे पंधरा मुलांना नावाने ओळखण्याइतका लहान गट होता आणि आज जे सुटू शकेल असं काम त्यांना द्यायची मोकळीक होती. काल जमलं नाही ते आज जमलं, हा अनुभव ज्या मुलाला रोज मिळतो त्याला दुसऱ्या दिवशी शाळेत यायला सांगावं लागत नाही.

साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या जिल्हा परिषद शाळांमध्येही गेल्या दशकात हेच पाहायला मिळालं. फरशीवर रंगवलेली आखणी, मुलांच्या हाताला लागतील अशी साधनं, गटात बसून एकमेकांना शिकवणारी मुलं, आणि मुलांच्या मागे-पुढे फिरणाऱ्या बाई. राज्यभरातले शिक्षक ते बघायला जात होते. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला, तो या वातावरणात. पुढे अनेक ठिकाणी फरशा रंगवल्या गेल्या आणि शिकवणं पूर्वीसारखंच राहिलं, हेही मान्य करायला हवं. वातावरण म्हणजे रंगरंगोटी नव्हे. चुकलेलं उत्तर मोठ्याने सांगितलं तर हसं होणार नाही याची मुलाला किती खात्री आहे, यावर तो वर्ग ओळखावा.

इथे शिक्षकांसाठी बोलायला हवं, कारण या वादात त्यांना एका बाजूला उभं केलं जातं. कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, निवडणूक आणि आपत्तीनिवारण सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात त्यांचा किती वेळ ऑनलाइन माहिती भरण्यात, सर्वेक्षणांत आणि पोषण आहाराच्या हिशेबात जातो, हे प्रत्येक जिल्हा परिषद शिक्षकाला ठाऊक आहे. पहिली ते पाचवीपर्यंत साठ मुलांना दोन शिक्षक, हे कायद्याचं प्रमाण. त्या दोघांपैकी एक जण बैठकीला गेला की उरलेल्याने पाच इयत्ता एकत्र सांभाळायच्या. अशा वर्गात शिक्षकाचा आवाज चढतो आणि काठी आठवते. त्याला दोष देण्याआधी त्याच्या वर्गाची स्थिती बदलली पाहिजे. मुलाला धाकाने शिकवता येत नाही, तसंच परिपत्रकांच्या धाकाने शिक्षकाकडूनही चांगलं शिकवून घेता येत नाही.

राहिला प्रश्न पाचवी आणि आठवीच्या नव्या परीक्षेचा. ती आता आहे, आणि उद्या रद्द होईल असं दिसत नाही. केंद्राच्या डिसेंबर २०२४च्या नियमांत मागे ठेवलेल्या मुलाच्या अडचणी ओळखून त्याला खास मदत द्यावी आणि मुख्याध्यापकांनी अशा मुलांच्या प्रगतीवर स्वतः लक्ष ठेवावं, असं म्हटलं आहे. महाराष्ट्रात निकाल आणि फेरपरीक्षा यांच्यामध्ये मे महिना येतो. शाळा बंद, शिक्षक गावी, ऊसतोडीहून परतलेलं कुटुंब नव्या कामाच्या शोधात. त्या दिवसांत त्या मुलाला जादा मार्गदर्शन कोण करणार, हे प्रत्येक शाळेने वर्ष सुरू होतानाच लिहून ठेवायला हवं.

माझी मागणी एवढीच आहे. एखाद्या मुलाला मागे ठेवायचं असेल तर त्याच्या निकालाला शाळेचा एक कागद जोडावा. जूनमध्ये मूल कोणत्या पातळीवर वाचत होतं, कोणत्या महिन्यात ते अडलं, त्यासाठी काय केलं, त्याच्या वर्गावर किती दिवस शिक्षक नव्हता आणि मेमध्ये त्याला कोणी शिकवलं, हे त्यावर असावं. मुख्याध्यापकांची आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही असावी, आणि तो कागद पालकांना वाचून दाखवावा. ज्या मुलाबद्दल हे रकाने भरता येणार नाहीत, त्याला पुढच्या वर्गात जाऊ द्यावं आणि जूनपासून त्याचं शिकवणं ते जिथे आहे तिथून सुरू करावं.